काल भरलेला आवाज

नळीच्या टोकाचा दिवा मोहरीएवढा. पण तो नाकातून घशात उतरला तेव्हा आपल्या आत किती अंधार आहे हे त्याला प्रथमच जाणवलं... आता तो दवाखान्यात, तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसला होता. "डाव्या स्वरतंतूवर काहीतरी दिसतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "मोठ्या डॉक्टरांना दाखवते. तोवर एक शब्दही बोलायचा नाही." काहीतरी — हे काही मोजमाप नव्हे. तीन मिलिमीटर म्हटलं असतं तर भीतीलाही एक कड मिळाली असती. एकोणीस वर्षं या परक्या देशात, आपल्या भाषेच्या रेडिओ केंद्रावर, त्यानं आवाजावर पोट भरलं. राहण्याचा परवानासुद्धा त्याच नोकरीला बांधलेला. आवाज गेला की बायकोमुलीसह गाशा गुंडाळायचा — हे गणित मात्र साधं, अनेकदा पडताळलेलं.

शेजारच्या आजोबांच्या हातातल्या छोट्या रेडिओत तोच बोलत होता. तपासणीसाठी सुट्टी हवी म्हणून आजचा कार्यक्रम त्यानं काल दुपारीच ध्वनिमुद्रित करून, भरून ठेवला होता. गाण्यांमधली बडबड, हशा, सगळं. मधले खोकले स्वतःच्या हातानं कापून टाकले होते. केंद्रावरचा तंत्रज्ञ म्हणाला होता, "अशी वर्षभराची भरून ठेव, मग मेलास तरी कळायचं नाही कुणाला!" दोघंही हसले होते.

"आपल्याकडचेच दिसता. घसा का?" आजोबांनी विचारलं. त्यानं मान हलवली.

"मग हा ऐका, गळा कसा खणखणीत! रोज सकाळी समोर बसल्यासारखा बोलतो. आमच्या हिच्यापेक्षा वक्तशीर, आणि मधे बोललं तर चिडत नाही."

"...आत्ता माझ्या खिडकीबाहेर काय लख्ख ऊन पडलंय," रेडिओ म्हणाला.

काचेबाहेर इतकं दाट धुकं होतं की समोरची इमारत दिसेना. कालचं ऊन! आता चोरी पकडली जाणार. आजोबांनी खिडकीकडे पाहिलं, मग रेडिओकडे.

"असेल, त्याच्या बाजूला असेल," ते समाधानानं म्हणाले.

म्हणजे पुरावा डोळ्यांसमोर असूनही कळायचं नाही कुणाला... आजवर तो घाबरत आला होता शांततेला, दोन गाण्यांमध्ये चुकून पडणाऱ्या चार सेकंदांच्या पोकळीला. आणि हा आवाज तर ऐन भरात चालला होता, नेमक्या जागी श्वास घेत — घशाशिवाय. अडखळ, तो मनातल्या मनात त्याला विनवू लागला, एकदा तरी अडखळ... आणि आपण नक्की कोणासाठी भितो आहोत, स्वतःसाठी की त्या आवाजासाठी, ते त्याला ठरवता येईना.