कापलेल्या दोन ओळी

मी एक जुना कागद बोलतोय. वाचनालयातल्या इंग्रजी कवितांच्या पुस्तकात माझा मुक्काम. माझ्या खालच्या कडेला ठिगळ आहे, तेही वाकडं. दिसतं तर दिसू दे, मला त्याची लाज नाही.

माझ्या अंगावर चौदा ओळींची एकच कविता. बारा ओळी कवी नुसता रडतो. नशीब फुटकं, हाती काही नाही, बाकी सगळ्यांचं मात्र बरं चाललंय. शेवटच्या दोन ओळींत त्याला आपलं माणूस आठवतं आणि गडी ताठ उभा राहतो.

पुस्तक खिळखिळं झालं म्हणून आम्हाला बाइंडरकडे धाडलं. चाळीस वर्षं पुस्तकं बांधणारा माणूस, पण हल्ली त्याचा हात थरथरायचा. कडा कापताना मी गठ्ठ्यातून खाली घसरलो होतो, ते त्याला कळलं नाही. पातं आलं आणि माझ्या शेवटच्या दोन ओळी गेल्या.

त्याची बायको शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. तिने मला वाचून कपाळाला हात लावला.

"अहो, तुम्ही नेमकं प्रेमच कापलंत. रडगाणं तेवढं ठेवलंत."

"मग बरोबरच आहे," तो म्हणाला. "हात गेला माझा. उद्यापासून दुकान बंद."

"दुकानाचं नंतर बघू. कात्रणांचं पोतं कुठंय?"

दोन दिवस ती दुखरे गुडघे घेऊन जमिनीवर बसली. एकेक पट्टी चष्म्याजवळ नेऊन वाचायची. हा खुर्चीत, तोंड फिरवून. मला असा राग यायचा त्याचा! कापलं ते कापलं, वर रुसून बसायचं?

तिसऱ्या दिवशी तिला उठताच येईना. त्याने हात दिला, तर तिने तोच हात ओढून त्याला खाली बसवलं.

"मला कुठं वाचता येतं ते," तो कुरकुरला.

"वाचायचं मी बघते. तुम्ही कागद ओळखा."

त्याने पोत्यात हात घातला. हा पातळ, हा गुळगुळीत, हा नवा. थरथरती बोटं एका पट्टीवर थांबली. "हा," तो म्हणाला. माझाच तुकडा होता. ती मोठ्याने वाचू लागली आणि मध्येच थांबून चष्मा पुसू लागली. त्याने तिच्या हातातली पट्टी घेऊन माझ्या कडेला लावून पाहिली. मग म्हणाला, "चिकटवायला खळ कर जरा."

दुकान अजून चालू आहे.

ग्रंथपाल म्हणतात, पान विद्रूप झालंय, झेरॉक्स लावू. खबरदार. वाचताना बारा ओळींनंतर तुमचं बोट त्या जोडाला अडखळेल. अडखळू दे, पण तिथे पुस्तक मिटू नका.