रावजी मास्तरांचा शिमगा

“हात पुढं कर. उलटे कर. आता तोंड वर.”

मैनेनं तोंड वर केलं. रावजी मास्तरांनी तिचे डोळे पाहिले, कपाळ पाहिलं, कानांमागं पाहिलं. पोरीच्या अंगावर कुठं पुरळ नव्हतं. तिच्या मागं मुलांची रांग देवळाच्या पायरीपर्यंत गेली होती. एरवी ढकलाढकली करणारी ती रांग आज गप्प होती.

“बाबल्या का नाही आला?” मास्तरांनी विचारलं. बाबल्या तिचा धाकटा भाऊ, बिगरीतला.

“निजलाय.”

“ताप आहे त्याला?”

मैना पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागली. “आयेनं सांगू नको म्हनून सांगितलंय.”

मास्तरांना तेवढं पुरलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि तसाच मागं घेतला. “घरी जा, बाय. मी बोलावीन तेव्हा ये.”

ती पाटी छातीशी धरून निघाली, तेव्हा रांगेतल्या मुली तिला वाट देण्यासाठी जरुरीपेक्षा जास्तच बाजूला झाल्या.

माघापासून हातखंब्याकडं देवीची साथ होती. पालीच्या बाजारात येणारे लोक रोज नव्या गावाचं नाव घेऊन येत. बोर्डाच्या डॉक्टरांनी शाळांना नियम धाडले होते, आणि मास्तरांनी ते देवळासमोर गावाला वाचून दाखवले होते. ताप नि पुरळ असलेलं मूल शाळेत घ्यायचं नाही. त्याच्या घरातली धडधाकट मुलंही घ्यायची नाहीत. खपल्या गळून, घर नि कपडे धुऊन होईपर्यंत नाही. आणि शिक्षकाच्या घरी असा रोगी निघाला, तर शिक्षकानंही शाळेत पाऊल टाकायचं नाही. हे शेवटचं कोणी नीट ऐकलं नव्हतं. मास्तरांनीही ते नुसतं वाचलं होतं.

कातळवाडीची शाळा देवळाच्या बाजूच्या पडवीत भरे, आणि रावजी तिचे एकटे मास्तर होते. याच वाडीतल्या कुळवाड्याचा मुलगा. फायनल पास झाला तेव्हा वाडीनं ढोल वाजवला होता. मुंबईहून येणारं प्रत्येक पत्र तेच वाचत, उत्तरही तेच लिहीत. त्यामुळं कोणाच्या घरात काय चाललं आहे ते त्यांना ठाऊक असे, आणि लोकांना त्याचं काही वाटत नसे. आजवर वाटलं नव्हतं.

संध्याकाळी दादू आला. मैनेचा बाप. घरापुढच्या खळ्यात न येता तो दगडी गडग्यापलीकडं उभा राहिला. लहानपणीच्या देवीनं त्याचं तोंड चाळणीसारखं झालं होतं, त्यामुळं त्याचा राग चेहऱ्यावर कळत नसे. आवाजात कळे.

“मास्तर, माजी पोर चोरासारकी भायेर काढलीत.”

“दादू, तिला काढली नाही मी. तुझ्या घरात साथ आहे. बाकीची पोरं...”

“साथ नाय. आई आल्यात घरात. त्यांची सेवा करायची, गप ऱ्हायाचं. तुमी चावडीवर सांगितल्यासारकं केलंत. आज पान्यावर माज्या बायकोला, सोनूला, बायांनी लांब उभी केली. आता शिमग्याची पालखीपन माज्या दारात यायची नाय.”

“देवी टोचणाऱ्याला निरोप धाडलाय मी. दोन दिवसांत येईल.”

“माज्या बाबल्याला आता कशाला टोचनार?” दादूनं विचारलं.

दादू पाठ फिरवून निघून गेला.

टोचणारा आला. शाळेच्या पायरीवर पेटी उघडून दिवसभर बसला. तीन-चार घरची मुलं आली. बाकीच्या घरांची दारं लोटलेली होती. मास्तर दारोदार फिरले. आतून बायका सांगत, पोर मामाकडं गेलंय. माळ्यावर पावलं वाजत असत.

शिमगा सुरू होतो त्या फाकपंचमीच्या आधीच बाबल्या गेला. दादूनं त्याला एकट्यानं नेलं. मास्तर पाखाडीच्या दगडी पायऱ्यांच्या वरच्या टोकाला उभे होते. दादूनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

त्याच आठवड्यात खंडू आला.

खंडू मास्तरांचा भाऊ, त्यांच्याहून पुष्कळ लहान. आईबाप गेल्यावर मास्तरांनी नि त्यांच्या बायकोनं, चिमानं, त्याला वाढवला होता. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं, आणि खंडू असताना ते फारसं जाणवलंही नव्हतं. तो परळला गिरणीत होता. गेल्या साली मोठा संप झाला तेव्हा महिनोन् महिने त्यानं अर्ध्या पोटी काढले होते, आणि काम परत मिळालं तर आईच्या पालखीला रेशमाचे गोंडे चढवीन, असा नवस बोलला होता. त्याच्या गाठोड्यात वरच लाल गोंडे होते. मूठभर जाडीचे, जरीच्या गाठीचे.

“बग वैनी,” त्यानं ते पडवीत बसूनच दाखवले. “भुलेश्वरला घेतले.” आणि तिथंच भिंतीला डोकं टेकलं.

“तोंड का असं उतरलंय तुजं?”

“बोट लागली. उभ्या वाटेत वकत होतो. कंबर तर तुटल्यागत झालीया.”

चिमानं पेज दिली. त्यानं दोन घोट घेतले. मास्तरांनी त्याच्या कपाळाला हात लावला आणि चिमाकडं पाहिलं. तिनं नजर चुकवली.

“शीण हाय तो,” ती म्हणाली. “निजला की उतरंल.”

मास्तरांच्या मनात नको ते आलं. लहानपणी टोचणारा वाडीत शिरला की आई खंडूला भाताच्या कणगीत लपवायची. रावजी मात्र त्याआधीच शाळेत सापडला होता, त्याच्या दंडावर टोचल्याच्या खुणा होत्या. खंडूचा दंड गुळगुळीत होता.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर त्यांनी भावाला दाराशी उजेडात आणला. रोज पोरांना म्हणत तसंच म्हणाले, “हात पुढं कर. उलटे कर.” मनगटावर बारीक तांबडे ठिपके होते. कपाळावर केसांच्या कडेला होते. बोट फिरवलं तर कातडीखाली मोहरी असावी तसे लागले.

“उष्णता असंल, भाऊ,” खंडू म्हणाला. त्याचे ओठ वाळले होते.

“असेल.”

चिमा मागं येऊन उभी राहिली होती. मास्तर आत गेले तशी तिनं त्यांची वाट अडवली.

“अवो, कोनाला बोलू नका.”

“चिमे...”

“पालखी येऊन जाऊं द्या. तेवडंच. त्येचा नवस हाय. गोंडे चढले की आईच राखंल त्येला. तुमी शाळंत जा, रोजच्यासारके. मी त्येला माजघरात ठेवते. कोन येतंय बगायला?”

“आणि मी पोरांच्या पाट्या तपासू? ह्या हातांनी?”

“दादूच्या पोरीला घालवलीत म्हनून आता आपल्याला...” ती भिंतीकडं तोंड करून रडू लागली.

मास्तरांनी कोट अंगात घातला, टोपी घातली. मग दोन्ही काढून खुंटीला ठेवलं. नुसत्या सदऱ्यावर ते खळ्याच्या कडेला गेले आणि गडग्याच्या आत उभे राहिले. शाळेची पोरं पाखाडीनं चालली होती.

“आज शाळा नाही,” ते ओरडून म्हणाले. “कोणी जवळ येऊ नका. घरी जाऊन सांगा, मास्तरांच्या घरात देवी निघाल्यात.”

पोरं जागच्या जागी थांबली. मग सगळी एकदम पळाली.

दुपारी काशीराम मानकरी आला. पालखीचा मान त्याच्या घराण्याकडं होता, आणि शिमग्यात त्याच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे. तोही गडग्यापाशी थांबला, पण पंच्याचं टोक नाकाशी धरून.

“पोरं काय बोलतात ती?”

“खरं आहे ते. काशीरामदादा, ह्या साली पालखी देवळातच राहू दे. घरोघर नेऊ नका. माणसं एका खळ्यातनं दुसऱ्या खळ्यात जातात, पोरं मागून फिरतात. एका घरातलं सगळ्या वाडीत जाईल.”

“शाळा बंद केलीस, ती तुजी. पालखी बंद करनारा तू कोन?” काशीराम शांतपणे म्हणाला. “आई कोपली हाय म्हनून तर हे. तिला कोंडून ठेवली तर काय करंल? आन ऐक. तू गप ऱ्हाशील तर तुज्या खळ्यातबी आनतो. खंडूचा नवस मला ठावं हाय.”

“माझ्याकडं आणू नका.”

“पालखी येनार,” काशीराम म्हणाला. “दारातनं देवी परतवनारा मानूस मला बगायचाय.”

खंडूच्या अंगावर फोड भरत गेले. तोंड सुजून डोळे मिटले. चिमा केळीच्या पानावर त्याला निजवी, पानं बदली. मास्तर खळ्यात चूल मांडून त्याचे कपडे उकळीत. दोघं एकमेकांशी फारसं बोलत नसत. वाडीत होळी झाली. पालखी बाहेर पडली. ढोल कधी वरच्या आवाठातल्या घरांपुढं वाजे, कधी पऱ्याच्या पाण्यापलीकडं, आणि रोज थोडा जवळ येई. पडल्या पडल्या खंडू तो मोजत असल्यासारखा ऐके.

“आता रामाच्या घरात आली,” तो म्हणे. “आता नाचवतायत.”

एका दुपारी ढोल पाखाडीवरच वाजायला लागला. मास्तर चुलीवरून उठून गडग्याच्या तोंडाशी, जिथनं खळ्यात शिरायची वाट होती, तिथं आडवे उभे राहिले. पालखी खांद्यावर डुलत आली. आतली देवीची चांदीची रुपं उन्हात चमकली. मागं बाया, म्हातारे, कडेवरची पोरं. सगळ्यांना त्यांनी अक्षरं शिकवली होती किंवा पत्रं वाचून दाखवली होती.

“वाट सोड, रावजी,” काशीराम म्हणाला.

मास्तरांनी हात जोडले. “आये, इथनंच नमस्कार घे. ह्या पोरांना घेऊन माझ्या दारात येऊ नको.”

ढोल थांबला. घरातून खंडूची हाक आली, घोगरी. “भाऊ! मला दारात तरी ने. गोंडे दे त्यांना.”

गर्दीत हालचाल झाली. “पोराचा नवस तरी घे,” एक म्हातारी रडवेल्या आवाजात म्हणाली. “गोंडे बांदू दे पालखीला.”

गोंडे चिमानं आज सकाळीच पडवीच्या खुंटीला आणून अडकवले होते. मास्तर गेले आणि ते घेऊन आले. पालखीचा एक भोई हात पुढं करून आत शिरू लागला. त्याआधी दिवसन् दिवस ते खंडूच्या उशाशी होते. ज्वर चढला की तो ते गालाला लावी. आता ते पालखीबरोबर साऱ्या वाडीत फिरले असते, आणि प्रत्येक बाईनं ओटी भरताना त्यांना हात लावून तो डोळ्यांना लावला असता.

भोयाचा हात पोचायच्या आत मास्तर वळले आणि गोंडे चुलीत टाकले.

रेशीम लगेच पेटत नाही. आधी आक्रसलं, मग काळं पडलं, आणि जळल्या केसांसारखा वास सुटला. कोणीतरी किंचाळलं. “आईच्या नावाचं जाळलंन!” एक दगड येऊन मास्तरांच्या पोटरीला लागला. ते हलले नाहीत. काशीरामनं हात वर केला नसता तर आणखी आले असते.

“चला,” काशीराम म्हणाला. त्याचा आवाज पडला होता. “हे घर आता वाडीचं नाय.”

पालखी वळली. पुढच्या खळ्यात ढोल पुन्हा सुरू झाला.

मास्तर आत आले. चिमा भिंतीला टेकून बसली होती. तिनं सगळं पाहिलं होतं. खंडूला मात्र दिसत नव्हतं.

“दिलेस गोंडे?” त्यानं विचारलं.

मास्तर त्याच्या उशाशी बसले. “दिले.”

“चडवले?”

“दोन्ही बाजूंना.” चिमाच बोलली. “लय शोभले, भावोजी.”

तिसऱ्या दिवशी सकाळी खंडू गेला. मास्तरांनी बाहेर येऊन हाक दिली. वाडीतल्या एका दाराची कडी आतून लागल्याचा आवाज आला, मग आणखी एका. दुपारपर्यंत ते पडवीत बसून होते. तिरडी त्यांनी स्वतःच बांधली, पण उचलायला दोघंच.

ऊन उतरायला लागलं तेव्हा पाखाडीवर दादू दिसला. त्याच्या मागं सोनूबाई होती, डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन. दादू गडग्यापाशी थांबला नाही, सरळ खळ्यात आला.

“दादू, नको,” मास्तर म्हणाले. “लांब राहा.”

“मला काय व्हतंय? माज्यावर येऊन गेल्यात,” तो चेहऱ्यावर हात फिरवून म्हणाला. “हिच्यावरबी. मैनाबी उठली त्यातनं. आमच्यात आता नेन्यासारकं काय ऱ्हायलं नाय.”

मास्तरांना काहीतरी बोलायचं होतं. मैनेबद्दल, बाबल्याबद्दल. दादूनं त्यांना वेळ दिला नाही. तो तिरडीच्या गाठी तपासू लागला, एक सोडून घट्ट केली.

“चौथा कोन?” त्यानं विचारलं.

चिमा पदर खोचून पुढं आली. बायकांनी खांदा दिल्याचं कातळवाडीत कोणी ऐकलं नव्हतं. दादूनं तिच्याकडं पाहिलं, मग मसणवटीकडं चढत गेलेल्या कातळाकडं. पलीकडच्या आवाठात ढोल वाजत होता. पण त्यात ताशा नव्हता. ताशेवाल्याचं पोर सकाळपासून तापानं फणफणलं होतं, असं सोनूबाई येता येता ऐकून आली होती.

“बायांनू, तुमी फुडं व्हा,” दादू म्हणाला. “चडाला वजन मागं येतं.”

सोनूबाईनं मोळी खळ्यात उतरवली, नंतर नेऊ म्हणाली. चौघांनी खंडूला उचललं. पुढं दोघी बायका, मागं दादू आणि मास्तर. चढ लागला तसं वजन मागं आलं, आणि दादू आपलं पाऊल आखूड करून मास्तरांच्या पावलाबरोबर टाकू लागला.