दोऱ्याने पाडलेली खाच

मित्रांनो, मी एक जुना दात आहे. वरच्या ओळीतला, अगदी समोरचा. माणूस हसलं की आधी मीच दिसतो, त्यामुळे लपायची सोय मला नाही. माझ्या धारेवर एक खाच होती. ती कशी पडली आणि बुजवायच्या वेळी काय झालं, ते सांगतो.

दुधाचा दात पडून मी उगवलो, तेव्हा माझी मालकीण नुकती शाळेत जाऊ लागली होती. तिच्या आईने हनुवटी धरून तिचं तोंड उजेडाकडे वळवलं आणि म्हणाली, "आला बाई एकदाचा! केवढा हा, फावडंच जणू." माझं झालेलं ते पहिलं कौतुक.

आई शिवणकाम करायची. रस्त्याकडच्या खोलीत तिचं यंत्र होतं. शिवण संपली की ती मान वाकवायची, दोरा समोरच्या दातांत धरायची आणि टचकन तोडायची. कात्री शेजारीच असायची. पण ती शोधा, उचला, परत ठेवा, एवढी उसंत कुणाला? मालकीण मोठी होऊन शेजारच्या यंत्रावर बसू लागली, तेव्हा काजं-बटणांच्याही आधी ती हेच शिकली. आईच्या दाताला दोऱ्याने खाच पडली होती. काही वर्षांत तशीच मलाही पडली. दोरा तिच्यात आपोआप बसायचा. "मायलेकी एकाच साच्यातल्या," असं गिऱ्हाइकं म्हणायची. मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू?

मग आई आजारी पडली आणि गेली.

तिच्या यंत्रावर कापड टाकलं गेलं. मालकीण एकटीच दोघींचं काम ओढू लागली. दिवसभर जबडा आवळलेला असायचा. दोरा नुसता तोडायची नाही, हिसडायची. अशाच एका दुपारी माझ्या खाचेच्या टोकापासून वर एक चीर गेली. केसाएवढी. तिला ती कळली नाही. गार पाणी लागलं की मी शहारायचो आणि ती घोट दुसऱ्या गालाकडे फिरवायची, एवढंच. मित्रांनो, तोंडात राहूनही दाताला बोलता येत नाही. प्रत्येक शिवणीच्या शेवटी दोरा वर यायचा आणि मला वाटायचं, या खेपेला मी उभा फुटणार.

दवाखान्यात ती गेली, पण या चिरेसाठी नव्हे. माप द्यायला आलेल्या एका चिमुरडीने तिला विचारलं होतं, "तुमचा दात उंदराने खाल्ला का?" मालकीण तोंडावर हात ठेवून हसली खरी, पण त्यानंतर तिने ओठ उघडणंच सोडलं. शेवटी तिची मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, दुकानात येऊन म्हणाली, "तोंडाला टाके घातलेस की काय? चल, बुजवून घेऊ ती खाच."

डॉक्टरीणबाईंनी आरसा आत घातला. "शिवणकाम करता वाटतं?"

"कसं ओळखलंत?"

"दातच सांगतोय. दोरा तोडता ना?" मग त्यांनी मागून प्रखर दिवा धरला आणि त्या जवळ वाकल्या. माझी चीर त्यांना दिसली होती. "खाच भरता येईल," त्या म्हणाल्या. "दाताच्या रंगाचा मसाला लावून दिव्याखाली कडक करायचा. याला बाँडिंग म्हणतात. दिसेल छान. पण आत चीर आहे. दोरा तोडत राहिलात, तर मसाला निघेल आणि दातही जाईल."

मालकीण उठून बसली. गळ्याशी लावलेला रुमाल सोडू लागली. "राहू दे, डॉक्टर. दिसतंय तसं दिसू दे. माझ्या आईच्या दाताला अशीच खाच होती. तिचं माझ्यापाशी आता एवढंच..."

माझा जीव टांगणीला लागला. ती या खुर्चीतून उतरली असती, तर संध्याकाळी दोरा होता आणि मी होतो.

"बस खाली," मावशी म्हणाली. "तुझ्या आईला ती खाच आवडायची असं वाटतं तुला? हसताना तोंडावर हात का ठेवायची ती?"

"सवय होती तिची."

"लाज वाटायची तिला. आणि गार काही खाताना कधी पाहिलंस तिला?"

"तिला आवडायचं नाही."

"आवडायचं गं. झोंबायचं."

डॉक्टरीणबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "पक्कं न चिकटवता नुसता मसाला लावून दाखवते. नाही आवडलं, तर नखाने काढून टाकू."

मालकीण मागे टेकली. मसाला लागला, खाच भरली आणि आरसा तिच्या हातात आला. मावशी मागून डोकावली आणि तिथेच थबकली.

"काय झालं? वाईट दिसतंय?"

"नाही गं," मावशीने आरशाकडे बोट केलं. "ताई अशी दिसायची. तू व्हायच्या आधी. यंत्रावर बसायच्याही आधी."

मालकीण आरशात पाहत राहिली. जी आई तिने कधी पाहिलीच नव्हती, ती समोर होती. मग आरसा खाली ठेवून ती म्हणाली, "करा पक्कं."

मला आधी आंबट औषध लावलं, मग निळ्या उजेडाखाली धरलं. अंगाला काहीतरी परकं चिकटलं. निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "चीर आहे तिथेच आहे. तुम्ही थांबलात, तर तीही थांबेल."

दुसऱ्या दिवशी शिवण संपली. मान वाकली, दोरा वर आला, ओठाला टेकला. मी होता नव्हता तेवढा जीव गोळा केला. हात थांबला. मग खाली गेला आणि कापडांच्या ढिगात चाचपडू लागला. "जाते कुठे मेली ही कात्री!" मालकीण करवादली. मित्रांनो, इतकं गोड मला आजवर काही लागलं नव्हतं.

अजूनही दोरा रोज ओठापर्यंत येतो आणि रोज माझा थरकाप होतो. म्हणून विनवतो, दात हे हत्यार नाही. कात्री जवळ ठेवा. आणखी एक. ज्या माणसावर जीव आहे, त्याची सवय उचलण्याआधी ती त्याला दुखते का, हे त्याला विचारा. ते माणूस समोर आहे, तोवर विचारा.