समुद्रातून अणदूरला आलेला पिवळा बोया

मित्रांनो, मी एक जुना बोया, म्हणजे समुद्रावर तरंगणारे यंत्र आहे. अणदूरच्या शाळेच्या पटांगणात कडुनिंबाखाली उभा असलेला पिवळा, पोट सुटलेला गडी तो मीच. तुमच्यातले निम्मे जण मला पाण्याची टाकी समजतात. परवा तर एकाने नळ कुठे आहे म्हणून मला चारही बाजूंनी चाचपून पाहिले! मी रागावलो नाही. सगळे आयुष्य पाण्यावरच काढले आहे मी.

कारखान्यात माझ्या पोटात बॅटऱ्या आणि डोक्यावर अँटेना बसवली. मग बंगालच्या उपसागरात, जिथून किनारा दिसत नाही अशा जागी मला लांबलचक दोराने नांगरून ठेवले. माझा जोडीदार खाली तळाशी बसायचा. तेही एक यंत्रच. डोक्यावरच्या पाण्याचे वजन मोजणे हे त्याचे काम. समुद्राखाली भूकंप होऊन त्सुनामीची लाट निघाली, तर खोल पाण्यात ती इतकी बुटकी असते की जहाजावरच्या माणसांना कळतही नाही. किनाऱ्याजवळ आली की मात्र ती घरांवर चढते. जोडीदाराला ती आधीच कळायची. तो आवाजाच्या खुणांनी मला सांगायचा, मी उपग्रहाला सांगायचो आणि उपग्रह त्सुनामीचा इशारा देणाऱ्या हैदराबादच्या केंद्राला.

त्या केंद्रात अणदूरची राजेश्वरी अभियंता होती. जहाजाने येऊन ती माझी देखभाल करायची. पहिल्या खेपेला तर ओकून ओकून बेजार झाली होती बिचारी!

माझ्या सावलीला मासे जमत. म्हणून एकदा एका मासेमारी बोटीने माझ्याच कड्याला दोर बांधला. हिसका बसला आणि अँटेना मोडली. जोडीदार खालून सांगत होता, पण माझा निरोप कुठेच पोचत नव्हता. ते दिवस आठवले की अजून वाईट वाटते. मग खवळलेल्या समुद्रात राजेश्वरी आणि खलाशी आले. त्यांनी नवी अँटेना बसवली. निघताना राजेश्वरीने खंडोबाचा चिमूटभर भंडारा मला लावला. पिवळ्यावर पिवळे, दिसणार काय! पण मला ते फार आवडले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, भर सकाळी, समुद्राखाली मोठा भूकंप झाला. त्याच वेळी राजेश्वरीची आत्या दगडाबाई गावातल्या बायकांबरोबर जगन्नाथपुरीला देवदर्शनाला गेली होती. तिथे काय झाले, ते मला पुढे राजेश्वरीच्या तोंडून कळले.

दगडाबाईचे सासर लोहाऱ्याकडचे. त्र्याण्णवच्या भूकंपात घर पडले आणि तिचा तान्हा मुलगा त्याखाली गेला. तेव्हापासून ती अंगणातच निजते. भूकंप म्हटले की मोकळ्यात पळायचे, हे आपल्याकडच्या माणसांच्या अंगात भिनले आहे. पुरीच्या धर्मशाळेत बातमी आली, तशी दगडाबाई ओरडली, "भाईर पळा गं, मोकळ्यात!"

आणि सगळ्याजणी पळाल्या त्या थेट समुद्राच्या वाळूत.

राजेश्वरीने केंद्रातून फोन केला, तेव्हा त्या वाळूत असल्याचे तिला कळले. "आत्या, वाळूतून उठा! धर्मशाळेच्या गच्चीवर जावा. लाट येऊ शकती."

"म्या न्हाय जायची. छत पडतंय गं."

"भूकंप तिथं न्हाय, लांब समुद्रात झालाय. अन् गच्चीवर कुठं छत असतंय? वर आभाळच हाय की!"

दगडाबाई घुटमळली. शेवटी शेजारच्या सिताबाईचा हात घट्ट धरून, डोळे मिटून ती जिना चढली. बाकीच्या तिच्या मागोमाग गेल्या.

इकडे मी कान लावून होतो. लाट खरेच मोठी निघाली, तर किनारे रिकामे करायचे होते. जोडीदाराचा निरोप आला: पाणी बोटभरच चढले. पुन्हा आला: उतरले. मी तो जसाच्या तसा वर धाडला. दुपारपर्यंत केंद्राने इशारा मागे घेतला आणि बायका गच्चीवरून उतरून जेवायला बसल्या. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा दिवस.

पुढे मी गंजलो, माझ्या जागी नवा बोया आला. भंगारात जायचो, पण राजेश्वरीने खटपट करून मला इथे आणले. मला दुरुस्त करणाऱ्या प्रत्येक हाताचा मी ऋणी आहे.

मित्रांनो, तुमच्या गावात समुद्र नाही, पर्जन्यमापक तर असेल? त्याला शेळी बांधू नका. अशी यंत्रे गप्प उभी दिसतात, पण ती कुणासाठी तरी जागी असतात.

मी आलो त्या दिवशी दगडाबाई मला बघायला आली होती. माझ्यावर हात ठेवून तिने भाचीला विचारले, "आपल्या भूकंपाची वर्दी देतंय का गं हे?"

राजेश्वरी खोटे बोलली नाही. "न्हाय आत्या. भूकंप व्हायच्या आधी अजून कुणालाच सांगता येत न्हाय."

दगडाबाईने पदराची गाठ सोडून मला भंडारा लावला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "समुद्राकडच्या लेकरांना तरी कुणी सांगणारं हाय. लई झालं."