पॅस्कोच्या नावाने

बुचाचा तुकडा होता तो. खणात कॉलरचं बटण चाचपताना बोटांच्या पेरांना लागला... हलका, खडबडीत, मधोमध दाबून दाबून खळगा पडलेला... आणि अँब्रोज ट्रेगेन्झाची उजवी मूठ त्याला न विचारताच त्याच्याभोवती मिटली. धावताना मुठीत बूच धरायचं. रिकामी मूठ आवळली की खांदे आखडतात, खांदे आखडले की पाय चोरतात. हाताला धरायला काहीतरी असलं की बाकीचं अंग मोकळं सुटतं. ही अक्कल त्याला कुणी शिकवली होती ते आता आठवत नव्हतं, पण मूठ विसरली नव्हती. त्याने तुकडा डोळ्यांसमोर धरला आणि तो नाहीसा झाला.

समोर धरलेलं सगळंच नाहीसं होतं हल्ली. नजरेच्या बरोबर मधे कुणी राखाडी अंगठा टेकवून ठेवल्यासारखा डाग, आणि कडेचं मात्र सगळं शाबूत – खिडकीची चौकट, पलंगाचा पाय, दारात उभी असलेली लेटी. जोवर तिच्याकडे पाहत नाही तोवर ती असते. पाहिलं की चेहरा पुसला जातो, नुसता एप्रन उरतो. ज्याच्याकडे बघावं तेच जावं, ही कसली रीत? बॅलरॅटच्या डॉक्टरने सांगितलं होतं, याला औषध नाही, पण कडा शेवटपर्यंत राहतील. "कडेलाच तर आयुष्य काढलंय मी," तो डॉक्टरला म्हणाला होता. विंगवर खेळायचा तो, मेलबर्नच्या मोठ्या क्लबाकडून, अगदी कुंपणाला घासून पळायचा. डॉक्टर फुटबॉल पाहणाऱ्यांतला नसावा. हसला नाही.

"डाव्या कोपऱ्यात आहे बटण," लेटी म्हणाली. "आणि आज डनेटला सांगून टाक."

"मोसम संपू दे."

"हरलात तर आजच संपतोय. जिंकलात तर पुढच्या शनिवारी. आणि तो आज विचारणार आहे पुढच्या वर्षीच्या प्रशिक्षकपदाचं, त्याची बायको बोलली मला. हो म्हणशील आणि मग काय करशील? वास घेऊन संघ निवडशील?"

"निवडतोच की."

ती जवळ आली, त्याच्या हातातून कॉलर घेतली आणि बटण लावू लागली. तिच्या बोटांना सकाळच्या चरबीत परतलेल्या कांद्याचा वास होता. तिचं खरं होतं आणि ते त्याला ठाऊक होतं, पण सांगितलं की काय होणार हेही ठाऊक होतं. डनेट हा क्लबाचा अध्यक्ष, पिठाच्या गिरणीचा मालक, तोंडाचा गोड माणूस. तो टोपी काढणार, सभा भरवणार, एक भिंतीवरचं घड्याळ देणार... जे दिसणार नाही असं घड्याळ... आणि मग पुढच्या शरद ऋतूत सराव सुरू होईल तेव्हा हा कुठे असणार? या खोलीत. कोराबिनसारख्या गावात दुसरं आहेच काय त्याच्यापाशी? लोकर-गोदामातली नोकरी गेल्या वर्षीच सोडली. पाठ दुखते असं सांगून सोडली. थापा मारायची त्याला सवय होती. थापा मारायच्या सवयीवरच तर त्याने नाव कमावलं होतं.

गंमत नाही ही. ईस्टरची धावण्याची मोठी शर्यत सगळ्यांना एका रेषेवरून सोडत नाही. जो वेगवान त्याला मागे उभं करतात, जो मंद त्याला पुढे. म्हणून शहाणा धावपटू वर्ष-दोन वर्षं आपला वेग झाकून ठेवतो, गावोगावच्या जत्रांत हरत राहतो, बुटात शिशाचे तळवे घालून धापा टाकत शेवटून दुसरा येतो. हे सगळे करत. तरी करताना लाज वाटायचीच. लोक कुंपणावरून ओरडायचे, विंगवरचा वाघ हिरवळीवर येऊन मेंढरू झाला म्हणायचे, आणि लेटीचे भाऊ... तेव्हा लग्न ठरलं होतं फक्त... रविवारच्या जेवणाला त्याच्यादेखत तिला विचारायचे, "काय गं लेटी, नवरा शोधलास की गोगलगाय?" आणि लेटी बटाट्यांचं भांडं पुढे सरकवायची. त्याच दिवशी पहाटे, दवाने पांढऱ्या पडलेल्या मेंढ्यांच्या कुरणात, बापाचं घड्याळ हातात धरून तिने मला खराखुरा पळताना पाहिलेलं असायचं. खराखुरा – शिशाशिवाय. जगात तिला एकटीला माहीत होतं मी किती वेगात पळतो. आणि आता, तीस वर्षांनी, मी किती कमी पाहतो तेही तिला एकटीलाच.

"झालं," लेटी म्हणाली आणि कॉलरवर एक चापट मारली. "जा आता. तुझी वाट बघत असतील पोरं."

मैदान गावाच्या टोकाला, तळ्याच्या अलीकडे. वाट पायांना पाठ होती. बाभळी फुलल्या होत्या, तो पिवळा रंग कडेकडेने त्याच्यासोबत चालत राहिला. फाटकापाशी मोटारी आणि घोडागाड्या कुंपणाला लागत होत्या, आणि डनेट त्याला तिथेच भेटला – आधी चिरुटाचा वास, मग हात.

"सामना संपला की बोलू, ट्रेगेन्झा. पुढच्या वर्षाचं. नाही म्हणायचं नाही, आधीच सांगतो. अहो, तुमच्यासारखी नजर कुणाकडे आहे या जिल्ह्यात?"

"बोलू," तो म्हणाला, आणि डनेटच्या कानाकडे पाहून हसला. कानाकडे पाहिलं की चेहरा दिसतो. हे त्याने आरशासमोर घोटून घोटून बसवलं होतं, पूर्वी सुरुवातीची उडी बसवायचा तसं.

कपडे बदलायच्या खोलीत निलगिरी तेलाचा असा भपका की डोळे नसलेल्यालाही रडू यावं. इथे त्याला काही अडत नसे. पोरांना तो पावलांवरून ओळखायचा, खोकल्यावरून, मांडीवर तेल चोळताना कोण कसा कण्हतो त्यावरून. ओटो वेंके शीळ घालतो, म्हणून तो वेंके. आणि जो गप्प बसून बुटाच्या नाड्या दोनदा सोडून दोनदा बांधतो तो कप्तान, क्लेम पॅस्को. आज मात्र पॅस्को जास्तच गप्प होता.

"घसा बसलाय, ट्रेग," पॅस्को कुजबुजला. आवाज कसला, जुन्या भात्यातून वारा जावा तसं काहीतरी. "पाय ठीक आहेत."

"त्याच्या घरी आज सण आहे," वेंके म्हणाला. "बायकोने केक लावलाय."

सगळे हसले. अँब्रोजही हसला, पण त्याला पॅस्कोच्या आवाजाची काळजी लागली. मैदान मोठं, लंबगोल, पलीकडची विंग तर त्याच्या दृष्टीने परदेशच, आणि मैदानावर तो खेळ पाहत नव्हता, ऐकत होता. यंदा पोरं ओरडायची. इथल्या फुटबॉलात चेंडू हातात घेऊन पळतात; ज्याच्या हातात तो आला तो आपलं नाव पुकारायचा आणि मग चेंडू लाथाडायचा. "वेंके!" की समजावं पलीकडच्या विंगवर. "पॅस्को!" की समजावं मधोमध. बोला, तोंड उघडा, मुक्यांचा खेळ नाही हा, असं त्यानेच वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, आणि यंदा ते एकदाचं त्यांच्या टाळक्यात शिरलं याचा त्याला अभिमान होता. फक्त गाढवं उलटं शिकली होती. अरे, चेंडू हवा असतो तेव्हा हाक मारायची, म्हणजे सोबत्याला कळतं कुठे टाकायचा. हातात आल्यावर ओरडून काय उपयोग? विरोध्याला पत्ता देता? गुरुवारीच सरावात तो तडकला होता. आधी ओरडा म्हणाला, नंतर नाही. मेंढ्या हाकणाऱ्या कुत्र्यालासुद्धा एवढी अक्कल असते. ते सगळे मान खाली घालून उभे राहिले, हो ट्रेग म्हणाले, आणि पुन्हा जाऊन तेच केलं. त्याने कपाळावर हात मारून घेतला होता.

घंटा झाली. तो नेहमीच्या बाकापाशी उभा राहिला, मान थोडी तिरकी, टोपी पुढे. सामन्याच्या चार पावांतला पहिला गेला, दुसरा गेला. गोल झाला की मोटारींचे भोंगे वाजत, त्यावरून बाजू कळे. "वेंके!" ... धपकन लाथ ... गलका. ठीक. मग पुन्हा गलका, आणि मग काही नाही. नुसती पावलं आणि लोकांचं ओरडणं, आणि त्या राखाडीत चेंडू कुठे गेला देव जाणे. म्हणजे पॅस्कोकडे. असं दोनदा झालं, आणि दोन्ही वेळा त्याने टोपी आणखी पुढे ओढली. आता कुणी मागून विचारलं, काय हो ट्रेग, कसा वाटला तो झेल? तर?

तिसऱ्या पावात वारा फिरला. खेळ पलीकडे गेला, तळ्याच्या बाजूला, आणि तिथून हाक आली: "पॅस्को!"

त्याने सुटकेचा श्वास टाकला. पॅस्को, पलीकडच्या विंगवर. आला वाटतं आवाज परत.

पण आवाज पॅस्कोचा नव्हता.

आवाज वेंकेचा होता. शीळ घालणाऱ्याचा पातळ, नाकातला आवाज. तो ओळखायला चूक होणं शक्य नव्हतं. पुन्हा आला, थोडा पुढून. "पॅस्को!" म्हणजे चेंडू पॅस्कोच्या हातात आहे, वेंके त्याच्या शेजारून पळतोय, आणि पळता पळता, दम खर्चून, पॅस्कोचं नाव ओरडतोय. कुणासाठी? पॅस्कोला स्वतःचं नाव ठाऊक आहे. बाकीच्यांना पॅस्को दिसतोय. प्रतिस्पर्ध्यांनाही दिसतोय. कुंपणावरच्या शेंबड्या पोरांना दिसतोय. या अख्ख्या मैदानात, या दिवसाउजेडी, पॅस्को कुठे आहे हे न दिसणारा माणूस एकच...

अँब्रोज खाली बसला. बाक तिथेच होता म्हणून बरं.

केव्हापासून? जूनपासून? मेपासून? त्याने मागे जाऊन जाऊन पाहिलं, आणि प्रत्येक शनिवारी ती नावं होती, चेंडू हातात आल्यावरची, निरुपयोगी, मूर्ख नावं. कुणी ठरवलं असेल? कुठे बसून बोलले असतील ही पोरं... पोरं कसली, बायकापोरांचे धनी, नांगर धरणारे, गिरणीत पोती उचलणारे... आणि काय बोलले असतील? म्हाताऱ्याला दिसत नाही. त्याला कळू द्यायचं नाही. लाजेने त्याचे कान तापले. म्हणजे मी आरशासमोर घोटत होतो तेव्हा, डनेटच्या कानाकडे पाहून हसत होतो तेव्हा, हे सगळे बघत होते. आणि गुरुवारी! गुरुवारी मी त्यांना कुत्र्याहून मठ्ठ म्हणालो, आणि ते मान खाली घालून उभे राहिले. एकाने तोंड उघडलं नाही. हो ट्रेग. जाणूनबुजून मूर्ख ठरले, माझ्या तोंडावर... शिशाचे तळवे घालून. हा राग नव्हता, हे त्याला थोड्या वेळाने कळलं.

घंटा झाली. पोरं मधे गोळा झाली, तोही चालत गेला. ते त्याच्याभोवती वाफाळत उभे राहिले, घाम, चिखल, निलगिरी, कुणीतरी संत्र्याची फोड चोखत होतं. त्याला बरंच बोलायचं होतं. वाऱ्याचं, मधल्या फळीचं. डागाभोवती त्यांचे खांदे दिसत होते, कान, पट्टेदार बाह्या. चेहरा एकही नाही.

"गुरुवारी मी जे बोललो ना," तो म्हणाला, आणि थांबला. संत्रं चोखणंही थांबलं. "ते विसरा. चुकलं माझं. चेंडू हातात आला की ओरडा."



"ओरडतो, ट्रेग," वेंके म्हणाला.

"आणि पॅस्कोचा घसा बसलाय तोवर त्याचंही नाव."

"हो, ट्रेग."

मग त्याच्या दंडावर एक हात आला, मोठा, चिखलाने बरबटलेला, नाड्या दोनदा बांधणारा. क्षणभर राहिला आणि गेला.

तो बाकाकडे परतला तेव्हा लेटी तिथे होती. चहाच्या बायकांना सोडून आली होती, आणि न विचारता तिने कप त्याच्या दोन्ही हातांत नीट दिला.

"त्यांना ठाऊक आहे," तो म्हणाला.

"मी कुणाला बोलले नाही, अँबी."

"माहीत आहे मला. तू कशाला बोलशील?"

लेटी बाकावर बसली – नेहमीची टेकल्या न टेकल्यासारखी नाही, पूर्ण बसली, मांडीवर हात सोडून, आणि तिने एक एवढा लांब श्वास सोडला की तो त्याला आपल्या दंडाला जाणवला. किती दिवसांचा होता तो? की वर्षांचा? लपवायचं ओझं आपलं आहे असं तो धरून चालला होता. कुरणातही आपलं, आताही आपलं. भावांच्या समोर बटाटे वाढताना हिला काय होत असेल हे त्याने तीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. तिला किती एकटं वाटलं असेल, हे आत्ता, या बाकावर, पहिल्यांदा त्याच्या मनात आलं, आणि आल्यावर जाईना. त्याने चाचपत तिचा हात घेतला. तो थंड होता.

"डनेटचं काय?" तिने विचारलं.

"नाही माहीत."

खरंच माहीत नव्हतं. डनेट येईल, टोपी काढेल, गोड बोलेल. त्याची धास्ती होती तिथेच होती, जराही हलली नव्हती. पण त्या धास्तीच्या शेजारी आता जागा झाली होती. चौथा पाव सुरू झाला. लांब कुणीतरी कुणाचं तरी नाव घेतलं, आणि भोंगे वाजले – कुठल्या बाजूचे ते वाऱ्यामुळे कळेना. पूर्वी अशा वेळी तो गप्प बसला असता, मान हलवली असती, कुणीतरी बोलेपर्यंत थांबला असता.

"लेटी," तो म्हणाला, हळू आवाजात नाही, मागच्या रांगेला ऐकू जाईल असा. "कोण पुढे आहे गं? मला फलक दिसत नाही."