बाबलीची टकटक

गोव्यातल्या चोपडे गावात त्या सकाळी आनंदीच्या अंगणात एवढी गर्दी लोटली की नदीतले खेकडेसुद्धा बघायला वर आले, आणि पाय ठेवायला जागा नाही म्हणून परत गेले. कारणच तसं होतं. आनंदीचा मेलेला नवरा बाबली टीव्हीच्या पेटीतून बोलत होता!

बाबली दशावतारी नाटकातला नट. राक्षस करावा तर त्यानंच. त्याचा शेवटचा प्रयोग एका वाहिनीनं दाखवला, तेव्हा लेकीनं, गौरवीनं, तो टीव्हीखालच्या रेकॉर्डर-पेटीत भरून ठेवला. बाबली गेल्यावर आनंदी रोज दुपारी तो बघायची. पण तिच्या दिराला, दत्तारामला, त्या पेटीत दशावताराचा पेटाराच दिसला. देवांचे मुखवटे ठेवायचा तो पेटारा, ज्याची पूजा झाल्याशिवाय नाटक उभं राहत नाही. मग या पेटीवरही समई आली, झेंडूचे हार आले, उदबत्त्या आल्या. रोज.

आणि एका दुपारी टीव्हीवरचा राक्षस तलवार उगारून जो थिजला तो थिजलाच. पेटीतून आवाज आला, टक, टक, टक.

दत्तारामनं भुतं उतरवणाऱ्या मोरकुंचे महाराजांना आणलं.

"सोंग उतरायच्या आत जीव गेला, म्हणून पेटीत अडकला," महाराज मोरपिसांचा कुंचा फिरवत म्हणाले. "पाच तत्त्वं ऐकली असतील. पृथ्वी, आप, तेज, वायू आणि केबल! टीव्ही झाका. पेटीवर हवी तेवढी फुलं घाला, पण पुढची ही काळी काच मोकळी ठेवा. तिथून तो श्वास घेतो. आणि आज ओहोटी लागली की पेटी नदीत सोडा."

आनंदीनं पदर खोचला. बाबलीचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

"माझा घोव एकदा जाळलात, तेवढा पुरे," ती म्हणाली. "आता बुडवूक देणार नाय."

"वयनी, तू गप रव," दत्ताराम म्हणाला. "तो स्वतः काय सांगता ते ऐक."

महाराजांनी कुंचा रोखला. "बाबली, सुटका हवी?"

टक, टक, टक. अंगणभर हात जोडले गेले.

आनंदी पुढे झाली. "बाबली, जेवलास?"

पेटी गप्प.

"जन्मभर या एका प्रश्नाला हा धावत यायचा," आनंदी म्हणाली. "आज रुसला?"

तिचं अर्धं आयुष्य रंगमंचामागच्या पडद्याआड गेलेलं. सूत्रधार झांजवाल्याला कसा गुपचूप इशारा करतो, हे तिला ठाऊक होतं. इथंही आधी कुंचा पेटीकडे वळत होता, मग टकटक होत होती. तिनं खुंटीवरचा बाबलीचा शेला काढला आणि त्या काळ्या काचेवर टाकला.

"हां. आता विचारा."

"बाबली!" काही नाही. "अरे बाबली!" महाराज माश्या हाकलल्यासारखा कुंचा हलवू लागले. घामाघूम झाले. "शेल्यानं त्याचा श्वास कोंडला!"

"मेलेल्याचा?" आनंदीनं विचारलं.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. गौरवीनं मोबाईलचा कॅमेरा कुंच्यावर धरला. डोळ्यांना दिसत नव्हता तो जांभळट ठिपका फोनच्या पडद्यावर पिसांतून लुकलुकत होता. आनंदीनं कुंचाच हिसकावला, पिसं बांधलेला दोरा तोडला, आणि पिसांतून पेटीचा रिमोट जमिनीवर पडला.

"म्हापशाच्या कुठल्याही दुकानात मिळतो," गौरवी म्हणाली. तिचं तिथंच कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. "बटण दाबलं की पुढच्या काळ्या काचेतून इशारा आत जातो आणि पेटी प्रयोग लावायला जाते. ते दिसू नये म्हणून टीव्ही झाकायला लावला. आतली हार्ड डिस्क खराब आहे. वाचणारी सुई त्याच जागी अडखळते, मागे येते, परत जाते. तीच टकटक."

तिनं सगळ्यांदेखत स्क्रू काढले. आत राख, पाकळ्या, तेलाचा थर.

"काका, पेटीला खरंच श्वास लागतो. पण तो वरच्या भोकांतून. ती तुम्ही हारांनी बुजवलीत आणि वर समई पेटवलीत. पेटी भाजली."

दत्ताराम खाली पडलेले हार गोळा करू लागला. महाराज मात्र पिसारा टाकून पळणारे पहिलेच मोर ठरले.

"नवी डिस्क घालते," गौरवी आईला हळूच म्हणाली. "पण ती कोरी असते. जुनीवरचं आधी उतरवून घ्यावं लागेल. सगळं मिळेल असं सांगत नाही."

"मिळेल तेवढं आण," आनंदी म्हणाली. "मिळालं नाही तर नाही म्हण. खोटं आणू नको."

गौरवीनं पेटी परत आणली तेव्हा अख्खी वाडी पुन्हा जमली. राक्षसानं तलवार उगारली. पडदा काळा झाला. मग चित्र आलं, तोवर राक्षस मरूनही पडला होता. मधला तुकडा गेला, तो गेलाच. पण पुढे बाबली उठला आणि प्रेक्षकांना हात जोडून हसला.

आनंदीनं डोळे पुसले. मागे वळून बघते तर सवयीनं दत्ताराम समई घेऊन उभा!

"ती तुळशीपाशी," आनंदी म्हणाली. "आणि सगळ्यांनी ऐका. कुणी चमत्कार दाखवला तर त्याच्या तोंडाकडे बघू नका, हाताकडे बघा. प्रश्न आपण विचारा. यंत्रात जीव नसतो रे, यंत्र बिघडतं. बिघडलं तर स्क्रू काढा, नारळ फोडू नका. माझा बाबली गेला. हे मी म्हणू शकते, तर तुम्हांला कसली भीती?"