वारालाचा आकडा

इंकेरी वारालाने उभ्या आयुष्यात एकच दळण दळलं. सूर्य मावळला की सत्तर किलोमीटर उंचीवरचे सुटे इलेक्ट्रॉन हवेच्या रेणूंना किती वेगाने चिकटतात, याचं गणित. तिचं मॉडेल म्हणायचं, सावकाश. शेजारच्या नॉर्वेतलं रडार म्हणायचं, छे, अंधार पडला की तिथे इलेक्ट्रॉन औषधालासुद्धा उरत नाहीत.

"रडार आकाश बघतं, तू कागद बघतेस. वेगाचा आकडा वाढव," तिचा वरिष्ठ, प्रोफेसर टाउनो हेइकुरा, बऱ्याच वर्षांपूर्वी म्हणाला होता.

सोदान्क्युलाच्या त्यांच्या वेधशाळेत लहानथोर सगळ्यांचं अरेतुरे चालतं. म्हणून सगळे सारखे होतात असं मात्र नाही. रडारचे क्षीण प्रतिध्वनी गोंगाट समजून गाळले जात असतील, आधी संगणकातली ती गाळणी तपासू, असं इंकेरी घसा कोरडा होईतो सांगत राहिली. पण गाळणी टाउनोनेच लिहिलेली, तो कशाला ऐकतोय! तिच्या नोकरीचा करार संपत आला होता आणि नवा त्याच्याच हातात होता. शेवटी तिने आकडा तिप्पट केला. मॉडेल जुळलं. टाउनोने उदार होऊन लेखावर तिचं नाव पहिलं घातलं, आणि जगभर लोक त्याला वारालाचा आकडा म्हणू लागले. दर वेळी ते ऐकताना तिला मनातून शरम वाटायची.

आज नव्या रडारवर काम करणारा एइरिक स्तूरविक नॉर्वेतल्या ट्रॉम्सोहून आला होता. कॉफीबरोबर वेलदोड्याचा पाव खाता खाता त्याने सांगितलं, की जुनी गाळणी काढली तर संध्याकाळचे इलेक्ट्रॉन चांगले रेंगाळताना दिसतात. मग त्याने नवा आकडा सांगितला. इंकेरीचा पहिला आकडा तोच होता.

तिला भरून आलं. तिने समोर बसलेल्या टाउनोकडे पाहिलं. आता तरी या माणसाने एक वाक्य बोलावं, एवढंच तिला हवं होतं.

टाउनो कॉफी ढवळत राहिला. एइरिकच उत्साहाने म्हणाला, की दुरुस्तीचा लेख तयार आहे, टाउनोने फार मदत केली, म्हणून पहिलं नाव त्याचं आहे.

"मी हे तुला तेव्हाच सांगितलं होतं, टाउनो," इंकेरी म्हणाली.

"सांगितलं असशील. छापलंस मात्र दुसरंच."

एइरिक कावराबावरा झाला. शीर्षकात 'वारालाची चूक' असे शब्द आहेत, ते चालतील ना, असं त्याने चाचरत विचारलं.

"राहू देत," इंकेरी म्हणाली. "चूक माझीच आहे. मी याचं ऐकलं."